दोघींचं एकच दुखणं

मी माझंच कण्हणं पडद्याच्या पलीकडून ऐकलं, तिथून सुरुवात करते.

रुग्णालयातला तो तिसरा दिवस होता, असं नंतर कळलं. तेव्हा मला दिवस-वार काही उमजत नव्हतं. अंगात ताप, हाताला सलाईन, आणि थोड्या थोड्या वेळानं पोटात अशी कळ यायची, की जणू ओला पंचा दोन्ही टोकांना धरून कुणी पिळतंय. कळ आली की तोंडून "आई गे" निघायचं. एकदा कळ आली तेव्हा मी ओठ घट्ट मिटून धरले, कारण घसा सुकला होता आणि आवाज काढायचंही त्राण उरलं नव्हतं. तरी "आई गे" ऐकू आलं. माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात, डावीकडच्या हिरव्या पडद्यामागून.

तंजावूरच्या दवाखान्यात माणसं "अम्मा" म्हणून कण्हतात, "अय्यो" म्हणून कण्हतात. "आई गे" म्हणणारी, मराठी राजांच्या काळी इथे आलेली घरं गावात थोडी राहिलीत, आणि त्यांतली बहुतेक माझ्या ओळखीची आहेत. त्यामुळे माझा समज असा झाला की मी गेले, आणि पलीकडे पडलंय ते माझं शरीर. भीती वाटली नाही. त्या बाईला कुणी पाणी देतंय की नाही, एवढीच काळजी वाटली.

मग नर्सनं सलाईनची बाटली बदलायला पडदा सरकवला. पलीकडच्या खाटेवर पासष्टीची एक बाई होती. केस पांढरे, कानातल्या कुड्या काढून ठेवल्यामुळे कानांची भोकं उघडी, डोळे टक्क. ती माझ्याकडेच बघत होती.

"तू मराठी का गे?" तिनं विचारलं.

"हो."

"मज वाटलं, मीच दोनदा कण्हत्ये," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

आम्ही दोघी एकाच जेवणातून तिथे पोचलो होतो, हे पुढे दोन दिवसांनी बोलताना कळलं. पापनाशमला आमच्या लांबच्या नात्यातल्या एका गृहस्थांची साठी होती. मंडप भरलेला, बाहेर वैशाखाचं ऊन. जेवण झाल्यावर नीरमोर वाटत होते, म्हणजे आलं-कढीपत्ता घालून पाण्यासारखं पातळ केलेलं ताक. त्यात बर्फ टाकला होता. जंतू बर्फात होते की पाण्यात, ते कधी कळलं नाही. पंगतीतल्या पुष्कळांची पोटं दोन दिवस बिघडली आणि आपोआप बरी झाली. आम्हा दोघींना मात्र रक्त पडायला लागलं, लघवी बंद होत आली, आणि दोघींना वेगवेगळ्या गाड्यांतून एकाच रुग्णालयात आणलं गेलं. आम्ही पुष्कळ आठवून बघितलं. एवढंच सापडलं की दोघीही पंगतीतून उशिरा उठलो होतो, आणि भांड्याच्या तळाशी राहिलेलं शेवटचं ताक आम्हाला मिळालं होतं. एकाच डावातलं असेल. ती माझ्या मागे उभी होती की पुढे, हे दोघींनाही आठवत नव्हतं.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. यजमान वीजखात्यात इंजिनिअर आहेत, मुलगी कोइम्बतूरला शिकते. त्या बाई पापनाशमच्याच, खाजगी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगा परदेशी. एकट्या राहायच्या. मी त्यांना अक्का म्हणायला लागले. अकराव्या दिवशी दोघींना एकाच सकाळी घरी सोडलं. निघताना अक्कांनी माझ्या मनगटावरचा रुग्णालयाचा पट्टा आपल्या पट्ट्याशेजारी धरून बघितला आणि म्हणाल्या, "आता झालं. असकी संपलं." असकी म्हणजे सगळं. हा शब्द महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना कळत नाही. आमच्या घरांतून अजून आहे.

असकी संपलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दोन-तीन आठवड्यांत शक्ती येईल. तपासणीत जंतू दिसत नव्हते. रक्त, लघवी, सगळं ठीक. पण मूठमूठ केस गळायचे. सकाळी उठल्यावर गुडघे आणि टाचा अशा धरलेल्या असायच्या की मी भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जायची. दूध, दही, ताक काही चालेना. आणि दुपारचे चार वाजून गेले की पोटात आवाज सुरू व्हायचा. बंद खोलीत कुणी हलक्या हातानं भांडी उचलून ठेवतंय, असा. मग कपाळाला गार घाम, मग ती जुनी कळ, मग धावाधाव. अर्ध्या तासानं सगळं शांत. मी पलंगावर पडून असायची, आणि खिडकीबाहेर ऊन तसंच, रस्ता तसाच रिकामा. रोज चार वाजून दहा मिनिटांनी. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे, पण रोज.

मी पुन्हा तपासण्या केल्या. नळी घालून आतडं बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू गेलेत. पण तुमचं आतडं अजून घाबरलेलं आहे. अशा आजारानंतर काही जणांना होतं हे. महिने लागतात, कधी वर्षंही. पण जिवाला धोका नाही." घाबरलेलं आतडं! घरी येताना रिक्षात मी पोटावर हात ठेवून बसले. माझ्या आत काहीतरी असं होतं ज्याला भीती वाटत होती, आणि त्यानं ती मला सांगितली नव्हती.

त्या वर्षी मी गावाचा एक वेगळाच नकाशा शिकले. कुठल्या कापडाच्या दुकानात मागे संडास आहे, कुठल्या देवळाबाहेरचा बंद असतो, कुठल्या ओळखीच्या घरी न सांगता शिरता येईल. बस सोडली. लग्नं, मुंजी सोडल्या. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंना सांगून शेवटचा तास मोकळा करून घेतला. पहिल्या महिन्यात माणसं चौकशी करायची. सहाव्या महिन्यात "अजून?" म्हणायची. त्यानंतर विचारीनाशी झाली.

मी घरी आल्यावर पाचव्या आठवड्यात पहिला फोन आला. पावणेपाच झाले होते, मी नुकतीच पलंगावर येऊन पडले होते. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी अक्का. वॉर्डातल्या सिस्टरकडून तुझा नंबर घेतला." मग त्यांनी विचारलं, "तुज आत्ता काही झालं का गे?"

मी उठून बसले. "का?"

"मज रोज होतं. चार वाजून गेले की. आज अंमळ जास्त झालं. का कोण जाणे, तुझी आठवण आली."

त्या दिवशी मलाही जास्त झालं होतं. मी तसं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "उद्या पुन्हा करत्ये," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी केला. मग रोजच. पावणेपाचच्या सुमाराला फोन वाजायचा आणि अक्का एवढंच विचारायच्या, "आलं का?" मी म्हणायची, "आलं." हळूहळू आम्ही तपशील जुळवायला लागलो. कळ डावीकडून सुरू झाली की उजवीकडून. किती वेळ राहिली. मी रविवारी उशिरा जेवून बघितलं, त्या नेहमीच्या वेळी जेवल्या. वेळ बदलली नाही. मी दोन दिवस नुसती कंजी, म्हणजे तांदळाची पेज, घेतली, त्यांनी भात-रसम. फरक नाही. एक दिवस मला चार-पस्तीसला आलं. मी मुद्दाम आधी काही बोलले नाही. अक्काच म्हणाल्या, "आज उशीर झाला त्याला."

'त्याला' असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या. मी तो शब्द दुरुस्त केला नाही. पुढे मीही तसंच म्हणायला लागले.

यजमानांना हे आवडत नव्हतं. ते यंत्रांतले माणूस. म्हणायचे, "दोघी घड्याळाकडे बघत बसता, म्हणून होतं. गोळ्या एक, पथ्य एक, वेळ एक. दोन मोटारी एका बटणावर लावल्यात, दुसरं काय?" मला ते पटायचं. ऐकताना बरंही वाटायचं. पण एक दिवस अक्कांचा फोन त्यांनी उचलला. मी समोरच दारात उभी होते, टॉवेलनं तोंड पुसत. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि फोनमध्येच म्हणाले, "आतल्या खोलीतून फोन कशाला करतेस? इकडे ये ना." मग मान वर करून त्यांनी मला बघितलं. फोन माझ्या हातात देताना त्यांची बोटं गार लागली. आवाज सारखा आहे हे मला माहीत होतं. पण इतका, की पंचवीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला कळू नये!

मग त्यांनी स्वतःच एक प्रयोग केला. मला न सांगता. एका रविवारी सकाळी मी केस धूत होते तेव्हा त्यांनी घरातली दोन्ही घड्याळं पाऊण तास पुढे केली, माझा मोबाइल दुरुस्तीच्या निमित्तानं काढून घेतला, आणि दुपारभर वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसून राहिले. घड्याळात चार-दहा झाले. मी पलंगाच्या कडेला बसून वाट बघितली. आलं नाही. साडेचार झाले, पावणेपाच झाले. मला हलकं वाटायला लागलं; मी उठून कॉफीचं आधण ठेवायला गेले. आणि चुलीसमोरच कळ आली. मी खाली वाकले तेव्हा घड्याळात पाच वाजायला पाच होते.

संध्याकाळी त्यांनी घड्याळं मागे केली आणि मला सांगितलं. खरी वेळ चार-दहाच होती. त्यांनी मोबाइल परत दिला. त्यावर अक्कांचा एक न उचललेला फोन होता.

त्यानंतर त्यांनी मोटारीचं उदाहरण दिलं नाही. मला घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं त्यांनीच सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "आतड्याला स्वतःचं घड्याळ असतं. घरातलं फिरवलं म्हणून ते फिरत नाही. आजार दोघींना एकाच वेळी झाला, सवय एकाच वेळी लागली. आणि रोज फोन करून तुम्ही दोघी ती सवय पक्की करताय. दहा दिवस फोन बंद ठेवा. त्यांनाही सांगा. बघू या."

अक्का फोनवर म्हणाल्या, "दहा दिवस? बरं." मग म्हणाल्या, "काही झालं तर?"

"काही होत नाही अक्का."

"तसं नव्हे. होईल तेव्हा कळेलच. न कळलं तर?"

"दहा दिवसांनी बोलू," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पहिले तीन दिवस नेहमीसारखेच गेले. चार-दहाला आलं. पावणेपाचला माझा हात आपोआप फोनकडे गेला आणि मी तो मागे घेतला. चौथ्या दिवशी मी दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते. सकाळची वेळ. मुली माना खाली घालून वहीत उतरवून घेत होत्या. एकाएकी बेंबीच्या खाली कुणी आतून दोरा ओढला. कळ नव्हती ती, दुखलं नाही. फक्त ओढला, ओढत गेला, आणि तुटला. माझ्या कानांत दडे बसले. पंखा फिरताना दिसत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. पुढच्या बाकावरच्या मुलीचे ओठ हलले. मग आवाज परत आला, ती विचारत होती, "टीचर, बसता का?" भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते.

त्या दुपारी चार-दहाला काहीच आलं नाही. मी साडेपाचपर्यंत वाट बघितली. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पोटातला भांड्यांचा आवाज थांबला होता. गुडघे सकाळी मोकळे असायचे. यजमान इतके खूश झाले की त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं. चौदा महिन्यांनी मी दहीभात खाल्ला आणि तो पचला. मला आनंद व्हायला हवा होता. पण घास घशाखाली उतरताना सारखं वाटत होतं, हे दुखणं असं आपोआप जाणार नाही. कुणीतरी ते माझ्याकडून घेऊन गेलं आहे. आणि ते कोण असेल, याचा विचार मी पुढे नेत नव्हते.

सातव्या दिवशी मी वचन मोडून अक्कांना फोन केला. वाजत राहिला. संध्याकाळी पुन्हा केला. वाजत राहिला. रात्री यजमान म्हणाले, "लाइन नसेल तिकडे." पण फोन वाजत होता, आणि लाइन कधी असते, कधी नसते, हे त्यांच्याएवढं कुणाला कळतं? आठव्या दिवशी सकाळी फोन बंदच लागला. शनिवार होता. मी साडी बदलली.

"मी येतो," यजमान म्हणाले.

"नको. मी जाऊन येते."

"बसनं?"

"आगगाडीनं. तिच्यात संडास असतो."

आजारानंतर गावाबाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. डबा रिकामा होता. मी संडासाच्या जवळची जागा धरली आणि तिची गरज पडली नाही. अय्यंपेट्टै मागे पडलं, दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरं, त्यांत बगळे. पोट इतकं गप्प होतं की मी मधूनमधून हात ठेवून बघत होते. घरात माणसं असताना घर जसं गप्प असतं तसं ते नव्हतं. घर सोडून माणसं निघून गेल्यावर असतं, तसं.

पापनाशमला उतरून पत्ता विचारत गेले. ऐन बारा वाजले होते. अक्कांची गल्ली लहान, कौलारू घरं, पुढे ओट्यासारखी तिण्णै. प्रत्येक दारात सकाळचा कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, अजून पांढरीशुभ्र होती. चौथ्या घराच्या दारात नव्हती. नुसती धूळ, तीही झाडलेली नाही. आमच्या भागात दारात रांगोळी नसते ती एकाच कारणानं.

मी तिथेच उभी राहिले. आत जायचं, शेजारी विचारायचं की परत फिरायचं, काही सुचेना. दार अर्धं उघडं होतं. आतल्या अंधाराला डोळे सरावले तेव्हा दिसलं: समोरच्या भिंतीला टेकून, पाय पसरून, अक्का बसल्या होत्या. केस ओले, मोकळे सोडलेले. त्या माझ्याकडे बघत होत्या. रुग्णालयातल्यासारखेच डोळे टक्क.

"अक्का," मी म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. "पुढे येऊ नको," त्या म्हणाल्या.

तो माझाच आवाज होता. आणि त्यात भीती होती.

"अक्का, मी आहे."

"दिसत्येस. कशाला आलीस? काय राहिलं असेल ते तेथूनच सांग आणि सुखानं जा."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. त्या मला मेलेली समजत होत्या. आणि मी, आत्ता एका क्षणापूर्वी, दारात रांगोळी नाही हे बघून त्यांना मेलेली समजत होते. आता त्या अंधारात होत्या आणि मी उन्हात. मी खाली बघितलं. सूर्य बरोबर डोक्यावर; पायाशी सावली नव्हतीच म्हणावी इतकी. माझी खात्री पटेना. हे हसण्यासारखं वाटेल, पण खरं सांगते, आगगाडीत तिकीट कुणी विचारलं होतं का, रस्त्यात पत्ता सांगणाऱ्या माणसानं माझ्याकडे बघितलं होतं का, हे मी आठवायला लागले.

आणि माझं पोट गुरगुरलं. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. साध्या भुकेचा, मोठा, गल्लीत ऐकू जाईल असा आवाज. एवढ्या दिवसांत पहिला.

अक्कांचे डोळे हलले. "पोट आहे तुज?" त्या म्हणाल्या.

"आहे अक्का. भूक लागलीय."

त्या भिंतीला धरून उठल्या, दारापर्यंत आल्या, आणि हात बाहेर काढून त्यांनी माझं मनगट चाचपलं. नाडीवर अंगठा ठेवून उभ्या राहिल्या. मग तोंडावर पदर घेऊन त्या रडायला लागल्या. रडता रडता मला शिव्या दिल्या. चांगल्या जुन्या शिव्या, ज्या मी लहानपणानंतर ऐकल्या नव्हत्या.

लगेच आत मात्र घेतलं नाही. मला उंबऱ्याबाहेर थांबवून त्या आत गेल्या, न्हाल्या, निरांजन लावून आल्या आणि त्यांनी मला ओवाळलं. "सुतक धरलं होतं तुझं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस. आज फेडायचं होतं."

मग पानावर भात वाढून त्यांनी सांगितलं. त्या चौथ्या दिवशी त्या परसात कढीपत्ता तोडत होत्या. बेंबीखाली दोरा ओढला गेला आणि तुटला. कानांत दडे. समोरच्या झाडावर कावळा चोच उघडत होता, पण आवाज नाही. आत येऊन त्यांनी घड्याळ बघितलं तर अकरा वाजत होते. चार-दहाला काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा त्या समजून चुकल्या की मी गेले आणि जाताना दोघींचं दुखणं घेऊन गेले. कुणाला विचारायचं धैर्य झालं नाही.

"पण मी फोन केला होता, अक्का."

"तेच तर! तुझं नाव आलं फोनवर." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "मेलेल्या बाईचा फोन कसा उचलू? तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. आतून वाजत होता. मी देवासमोर बसून राहिले."

फोन अजून डब्यात होता. आम्ही काढला तेव्हा त्याच्या भोकांत तांदळाचे दाणे बसले होते.

"मग गेलं कोण?" मी विचारलं.

अक्कांनी माझ्या पानावर आणखी भात वाढला. मग म्हणाल्या, "जाऊ दे. जे गेलं ते गेलं. जेव."

दुपारी चार वाजता आम्ही दोघी तिण्णैवर जाऊन बसलो. पलीकडच्या घरात रेडिओ चालू होता. चार-दहा झाले. एक म्हैस गल्लीतून गेली. चार-वीस झाले. अक्कांनी माझा हात धरला होता तो सोडला आणि त्या आत जाऊन पिठाचा डबा घेऊन आल्या. भर दुपारी त्यांनी दार झाडलं, पाणी शिंपडलं आणि रांगोळी काढली. शेजारची बाई बाहेर येऊन बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी डोळे बारीक करून ऐकलं. भीतीची साखळी फोन बंद केल्यामुळे तुटली असेल, त्या म्हणाल्या. आणि अकराच्या गोष्टीचं म्हणाल तर दोघींनी नंतर एकमेकींना सांगताना वेळ जुळली असेल. असेल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. फळ्याशी उभी असताना घड्याळ मी बघितलं होतं, एवढंच मला माहीत आहे.

दुखणं कायमचं गेलं नाही. दीड महिन्यानं ते परत आलं, पण वेळ धरून नाही. कधी सकाळी, कधी आठवडाभर काहीच नाही, कधी एका दिवसात तीनदा. अक्कांना त्या दिवसांत काहीही नव्हतं. त्यांचं दोन महिन्यांनी परतलं, आणि जास्त करून गुडघ्यांत बसलं. त्यानंतर आमची वेळ कधी जुळली नाही. पहिल्यांदा एकटीला कळ आली तेव्हा मी न्हाणीत भिंतीला डोकं टेकून रडले. दुखलं म्हणून नव्हे. पापनाशमला कुणाला कळलं नाही, म्हणून. हे मी यजमानांनाही सांगितलं नाही.

आता तीन वर्षं होत आली. थोडं थोडं खाते, दिवसातून पाचदा. दूध नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला श्वास घेते. आवाज सुरू झाला की त्याच्याशी भांडत नाही, आडवी होते. अक्का महिन्यातून एकदा येऊन आठवडाभर राहतात. त्यांना देवनागरी उत्तम येते. माझी लहानपणीची पुसून गेली होती, ती त्यांनी पुन्हा गिरवून घेतली. हे लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि दोन ठिकाणी वेलांटी बदलली.

मागच्या महिन्यात शाळेच्या मुलींना गणिताच्या स्पर्धेला ओरत्तनाडुला न्यायचं होतं. दुसऱ्या बाई आजारी पडल्या. मी म्हटलं, मी नेते. बसनं. अर्ध्या वाटेवर पोट वळलं. मी उठून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि पेट्रोल बंकाच्या, म्हणजे पंपाच्या, मागच्या संडासात गेले. पंधरा मिनिटं लागली. परत आले तेव्हा तीसेक मुली खिडक्यांतून माझी वाट बघत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. एकीनं दाराजवळची आपली जागा मला दिली आणि स्वतः मागे जाऊन उभी राहिली. मी बसले, पाण्याचा एक घोट घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."